फ्रिक्वेन्सी मिळाली, पण नाव कुणाचं? रेडिओ केंद्राचं नाव नोंदवायची रीत

सातारा-सांगली पट्ट्यात सामुदायिक रेडिओ नवा राहिलेला नाही. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळावाणी ही नावं त्या भागात घरोघरी माहीत आहेत. आता आणखी महाविद्यालयं, कृषी विज्ञान केंद्रं आणि सामाजिक संस्था केंद्र काढायच्या तयारीत आहेत. माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी, मनोरा, ट्रान्समीटर, स्टुडिओचं ध्वनिरोधन या सगळ्याकडे त्या नेटाने लक्ष देतात. नाव मात्र उद्घाटनाची पत्रिका छापायला देताना ठरतं आणि त्याची नोंदणी करायची राहूनच जाते. पुढे पाच-सहा वर्षांनी शेजारच्या तालुक्यात त्याच नावाचं मोबाइल ॲपवरचं रेडिओ चॅनेल निघतं, तेव्हा धावाधाव होते.

मंत्रालयाची परवानगी प्रसारणापुरती असते. ठरलेली फ्रिक्वेन्सी, १०० वॅटपर्यंतची प्रक्षेपणशक्ती, जास्तीत जास्त ३० मीटर उंचीचा अँटेना एवढंच त्यात येतं. त्या कागदावर केंद्राचं नाव छापलेलं असलं, तरी त्यातून नावाची मालकी मिळत नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी संस्थेला अस्तित्व देते, आणि डोमेन घेतलं की इंटरनेटवरचा पत्ता मिळतो. नावावर हक्क सांगायचे रस्ते दोनच आहेत. पहिला, ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली नोंदणी. दुसरा, वर्षानुवर्षं वापरून कमावलेला लौकिक. हा दुसरा हक्क कायदा मानतो, पण तो दर वेळी कोर्टात पुराव्यानिशी शाबीत करावा लागतो. नोंदणी असली की सुरुवातच तुमच्या बाजूने होते.

नाव निवडताना

पहिली नावं सुचतात ती गावाची. ‘सातारा रेडिओ’, ‘सांगली एफएम’, ‘मिरज वाणी’. ऐकायला आपली वाटतात, पण ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम ९ प्रमाणे जे चिन्ह (म्हणजे ट्रेडमार्क) फक्त ठिकाण किंवा सेवेचा प्रकार सांगतं, त्याला नोंदणी नाकारली जाते. सातारा हे गावाचं नाव आणि रेडिओ हे सेवेचं, म्हणजे तुमचं स्वतःचं असं त्यात काही उरत नाही. दीर्घ वापरामुळे श्रोते ते नाव फक्त तुमच्याच केंद्राशी जोडतात असं दाखवता आलं, तर अशी नावंही नोंदली जातात. पण तो पुरावा नव्या केंद्राकडे असण्याचा प्रश्नच नाही.

फ्रिक्वेन्सीच्या आकड्यावर नाव उभं करणंही धोक्याचं. सामुदायिक रेडिओला ९०.४, ९०.८, ९१.२, १०७.८ मेगाहर्ट्झ अशा मोजक्याच फ्रिक्वेन्सी देशभर पुन्हा पुन्हा दिल्या जातात. ‘नव्वद पॉइंट चार’ म्हणणारी केंद्रं पुष्कळ आहेत, आणि पुढे फ्रिक्वेन्सी बदलली तर नावच खोटं पडतं. आकडा लोगोत खाली बारीक अक्षरात घाला, नावात नको.

या भागात आणखी एक नाव हमखास पुढे येतं, ते छत्रपती शिवाजी महाराजांचं. भावना समजण्यासारखी आहे. पण बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांचीही नावं तिथेच आहेत. ट्रेडमार्क म्हणून ती नोंदली जात नाहीत, आणि अर्जाचे पैसे परत मिळत नाहीत. ‘आकाशवाणी’ हा शब्दही टाळावा. ती प्रसारभारतीची ओळख आहे आणि सांगलीच्या आकाशवाणीला श्रोता १९६३ पासून ओळखतो.

मग चांगलं नाव कसं असतं? ज्याचा रेडिओशी थेट संबंध नाही असा, पण या मातीतला शब्द. ‘हळद’ हा शब्द मसाल्याच्या दुकानासाठी निव्वळ वर्णन आहे. सांगलीतल्या रेडिओ केंद्रासाठी तोच शब्द वेगळा आणि लक्षात राहणारा ठरतो. ‘घुंगरमाळ’ हेही तसंच. (दोन्ही नावं इथे उदाहरणापुरती घेतली आहेत. ती मोकळी आहेत की नाहीत हे शोध घेतल्याशिवाय धरून चालू नये.) किल्ला, नदी, डोंगर यांची नावं मधल्या पायरीवर येतात. अजिंक्यतारा, कृष्णा, वारणा ही नावं साखर कारखान्यापासून पतसंस्थेपर्यंत सगळीकडे आहेत. ट्रेडमार्कसाठी वस्तू-सेवांचे जे क्रमांकवार वर्ग पाडलेले आहेत, त्यांतल्या रेडिओच्या वर्गात यांपैकी एखादं मोकळं सापडेलही, पण मिळालेला हक्क अरुंद राहतो. दुसऱ्या कुणी ‘कृष्णामाई’ काढलं तर अडवणं कठीण जातं.

रेडिओच्या नावाची खरी परीक्षा कानाची आहे. श्रोता नाव वाचत नाही. शेतात, गाडीत, स्वयंपाक करताना अर्धवट ऐकतो. ‘रेडिओ नाद’ आणि ‘रेडिओ साद’ ही नावं कागदावर वेगळी दिसतात, पण चुलीजवळच्या आवाजात एकच होतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या औषधांच्या वादात हीच कसोटी लावली होती. साधारण बुद्धीच्या, पुसट आठवण असलेल्या माणसाला दोन्ही नावं एकूण सारखी वाटतील का, हे तिथे पाहिलं गेलं. म्हणून ठरवलेलं नाव मागे हलगी किंवा संगीत वाजत असताना चार जणांकडून बोलवून घ्या आणि नाव माहीत नसलेल्या दहा जणांना लिहून काढायला सांगा. तीन-चार जणांनी वेगळंच लिहिलं, तर नाव बदला. पत्रिका छापण्याआधी हे काम एका दुपारचं आहे.

शोध कसा घ्यायचा

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. एकदा नाव टाकून ‘काही सापडलं नाही’ म्हणून थांबू नका. शोध वर्गवार घ्यावा लागतो आणि रेडिओसाठी चार वर्ग तपासावे लागतात. ३८ मध्ये रेडिओ प्रसारण येतं, ४१ मध्ये कार्यक्रमांची निर्मिती आणि मनोरंजन, ३५ मध्ये जाहिरात व जाहिरातीच्या वेळेची विक्री, आणि ९ मध्ये ॲप व डाउनलोड होणारी ध्वनिमुद्रणं. प्रत्येक वर्गात शब्दशोध आणि उच्चारशोध, दोन्ही करा.

मराठी नावांची इथे खास अडचण होते. नोंदी बहुतेक रोमन अक्षरांत असतात, आणि ‘माळ’ व ‘माल’ रोमनमध्ये एकाच तऱ्हेने लिहिले जातात. श आणि स, ण आणि न, ऱ्हस्व-दीर्घ यांचीही तीच गत. ‘घुंगरमाळ’साठी घुंगर, घुंगुर, घुंगरू अशा सगळ्या रूपांनी, आणि प्रत्येकाची दोन-तीन स्पेलिंगं धरून पाहा. नुसत्या ‘घुंग’ने सुरू होणारं काय आहे तेही बघा. सापडलेल्या नोंदीची स्थिती वाचा. ‘सोडून दिलेला’ किंवा ‘नाकारलेला’ अर्ज सहसा आड येत नाही. ‘आक्षेप’ किंवा ‘विरोध’ अवस्थेतला अर्ज मात्र जिवंत आहे. लोगोत नांगर, तुतारी, मनोरा असं चित्र असेल, तर चित्रांच्या सांकेतिक क्रमांकाने होणारा वेगळा शोधही घ्यावा.

यानंतर रजिस्ट्रीबाहेरही पाहा. कंपन्यांची नावं, डोमेन, यूट्यूब, इन्स्टाग्राम, पॉडकास्टची ॲपं. नोंदणी न करता आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कलम ३४ ने राखलेला आहे. तुम्ही नोंदणी केलीत म्हणून तो बंद पडत नाही.

अर्ज कुणाच्या नावाने

ही जागा सगळ्यात जास्त चुकते आणि दुरुस्तीला सगळ्यात महाग पडते. इंटरनेटवरून अर्ज केला तर व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये फी आहे. बाकी सर्वांना ९,००० रुपये. नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटी सहसा दुसऱ्या गटात येते. पैसे वाचतात म्हणून अध्यक्षांच्या किंवा केंद्रप्रमुखांच्या वैयक्तिक नावाने अर्ज टाकला जातो. त्या क्षणी केंद्राच्या नावावर त्या व्यक्तीचा दावा उभा राहतो. पदाधिकारी बदलले, फेरफार अर्जांचा (विश्वस्त बदलल्याच्या धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीचा) वाद लागला किंवा व्यक्ती निवर्तली, की नाव वारसांकडे जातं आणि प्रसारणाची परवानगी संस्थेकडे राहते. ४,५०० रुपयांसाठी हे करू नका. परवानगी ज्या संस्थेच्या नावाने, अर्जही त्याच संस्थेच्या नावाने. महाविद्यालयाचा रेडिओ असेल तर आधी परवानगीचा कागद काढून बघा की अर्जदार महाविद्यालय आहे की त्याची मातृसंस्था. अर्जाआधी कार्यकारिणीचा ठराव करा आणि त्यात नाव, वर्ग, सही कोण करणार हे स्पष्ट लिहा.

अर्जातला ईमेल आणि मोबाइल संस्थेचाच द्या. एजंटने स्वतःचा ईमेल टाकलेला असतो, रजिस्ट्रीचा आक्षेपांचा परीक्षण अहवाल तिकडे जातो, एजंटशी संपर्क तुटलेला असतो आणि उत्तराची ३० दिवसांची मुदत उलटते. नावं गमावण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

अर्ज भरताना

फॉर्मचं नाव टीएम-ए. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रीत जातात, पण ऑनलाइन भरल्यास तिथे जावं लागत नाही. आधी साध्या अक्षरांतलं शब्दचिन्ह नोंदवा, लोगो नंतर. शब्दचिन्हाचा हक्क कुठल्याही अक्षरवळणात, रंगात लागू होतो. नुसता लोगो नोंदवला तर दुसरा माणूस तेच नाव वेगळ्या चित्रासह काढतो आणि वाद वाढतो. लोगो द्यायचाच असेल तर त्याचा आकार ८ बाय ८ सेंटीमीटरच्या आत असावा. देवनागरी नावासोबत त्याचं रोमन लिप्यंतर आणि हिंदी किंवा इंग्रजी अर्थ लिहा. ते राहिलं की त्रुटीचं पत्र येतं.

वर्ग किती? पैसे मोजकेच असतील तर ३८ आणि ४१ आधी. ट्रस्टसाठी हे १८,००० रुपये होतात. सामुदायिक रेडिओला २०२४ पासून तासाला १२ मिनिटं जाहिरात करता येते. स्थानिक दुकानं, बाजार समित्या, शाळा यांच्या जाहिराती घ्यायच्या असतील तर ३५ ही जोडा. सेवांचं वर्णन लिहिताना वर्गाचं अख्खं शीर्षक उतरवू नका, जे करता तेच लिहा. नोंदणीनंतर पाच वर्षं आणि तीन महिने न वापरलेल्या सेवांवरचा हक्क, ज्याला त्याची अडचण होते तो अर्ज करून रद्द करून घेऊ शकतो.

वापराची तारीख हा नाजूक मामला आहे. अजून प्रसारण सुरू नसेल तर ‘वापरण्याचा इरादा’ असं भरा. सुरू असेल तर पहिल्या प्रसारणाची तारीख द्या आणि प्रतिज्ञापत्रासोबत पुरावे जोडा. संस्थेच्या स्थापनेची किंवा मंत्रालयाच्या इरादापत्राची तारीख टाकून वापर जुना दाखवण्याचा मोह होतो. विरोधी पक्ष प्रसारण परवान्याची तारीख शोधून समोर ठेवतो, आणि मग प्रतिज्ञापत्रातलं बाकी सगळंही संशयात येतं.

सिग्नेचर ट्यूनही नोंदवता येते

रेडिओवाल्यांनी दुर्लक्षिलेला हा भाग आहे. ट्रेड मार्क्स नियम, २०१७ प्रमाणे ध्वनिचिन्ह नोंदवता येतं. ध्वनी एमपीथ्री स्वरूपात, जास्तीत जास्त ३० सेकंदांचा, सोबत त्याचं लिखित नोटेशन. भारतात याहू या इंटरनेट कंपनीची आरोळी २००८ मध्ये नोंदली गेली. ध्वनिचिन्हासाठी खूण लहान आणि ठाशीव हवी. तीस सेकंदांचं गाणं नोंदवण्यापेक्षा त्यातले चार-पाच सेकंद निवडा, जे दर तासाला वाजतात. नुसता मिरजेच्या तंबोऱ्याचा सूर किंवा नुसती तुतारी वेगळी ओळख देत नाही, कारण ती हजार जण वाजवतात. तंबोऱ्यावर चार स्वरांची ठरलेली रचना, शेवटी हलगीचे दोन ठोके, असं काही घडवलं तर तो ध्वनी तुमचा होतो.

त्याआधी ट्यूनचे आणि लोगोचे हक्क लेखी घ्या. गावातल्या संगीतकाराने प्रेमाने ट्यून बांधली, कलाशिक्षकाने लोगो काढला, मानधनही दिलं, तरी कॉपीराइट त्यांच्याकडेच राहतो. हस्तांतराचा सही केलेला कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी’ असे शब्द हवेतच. कार्यक्रमांच्या नावांचं तसं नाही. ‘बांधावरच्या गप्पा’ अशा नुसत्या नावाला कॉपीराइट मिळत नाही. कार्यक्रम रोजचा आणि लोकप्रिय असेल तर ४१ व्या वर्गात ट्रेडमार्क करावा. एखाद्या महिन्याच्या मालिकेसाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही.

निवेदकाच्या टोपणनावाचाही आधीच निकाल लावा. ‘आरजे अमुक’ हे नाव केंद्र सोडल्यावर कुणाचं, हे नेमणुकीच्या पत्रात एका ओळीत लिहिलं की पुढची कटुता टळते. निवेदकाचं स्वतःचं नाव त्याच्याकडेच राहू द्यावं. केंद्राने घडवलेल्या पात्राचं नाव केंद्राचं.

अर्जानंतर

परीक्षण अहवालात आक्षेप आला म्हणून घाबरू नका, तो बहुतेकांना येतो. उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. कलम ९ चा आक्षेप असेल तर नाव वर्णनात्मक का नाही हे सांगा आणि वापराचे पुरावे जोडा. कलम ११ चा, म्हणजे आधीच्या सारख्या चिन्हांमुळे आलेला असेल तर दाखवलेल्या प्रत्येक चिन्हाची आजची स्थिती काढा आणि सेवा, उच्चार, एकूण छाप यातला फरक एकेक करून मांडा. ‘आमचं नाव वेगळं आहे’ एवढ्या एका ओळीचं उत्तर दिलं तर सुनावणी लागते. सुनावणी आता व्हिडिओवर होते. हजर राहाच.

मान्य झाल्यावर चिन्ह ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये छापून येतं. तिथून चार महिने कुणीही विरोध करू शकतो. विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे लेखी उत्तर दिलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं मानतात, आणि ही मुदत वाढत नाही. हेच हत्यार तुम्हालाही वापरता येतं. जर्नल दर सोमवारी निघतं. ३८ आणि ४१ वर्गांची पानं कुणीतरी एकाने नेमाने चाळावीत. सारखं नाव दिसलं तर २,७०० रुपये दर वर्गाला भरून विरोध नोंदवता येतो. नंतरच्या दाव्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं.

प्रमाणपत्र मिळेपर्यंत बॅनर-लेटरहेडवर ‘टीएम’ लावा. नोंदणी झाल्याची खूण असलेला वर्तुळातला ‘आर’ आधी लावणं कायद्याने दंडनीय आहे. नोंदणी दहा वर्षांची, नूतनीकरण वर्गामागे ९,००० रुपये. मुदत उलटल्यावर सहा महिने जादा फी भरून करता येतं.

पुरावा जपणं

वर्तमानपत्राचा अंक कपाटात राहतो, प्रसारण हवेत विरतं. रेडिओची ही सगळ्यात मोठी अडचण आहे. मंत्रालयाच्या अटीप्रमाणे कार्यक्रम तीन महिने जपावे लागतात आणि बहुतेक केंद्रं त्यानंतर हार्डडिस्क मोकळी करतात. ट्रेडमार्कसाठी तीन महिने काहीच नाहीत. दर महिन्यातला एक पूर्ण दिवस, केंद्राच्या नावाच्या आणि वेळेच्या घोषणांसह, कायमचा वेगळा ठेवा. जाहिरातींची बिलं, दरपत्रक, केंद्रीय संचार ब्युरोचे जाहिरात आदेश, प्रसारणाची रोजनिशी, श्रोत्यांची पत्रं, यात्रेतल्या मंडपाचे तारखेसह फोटो, स्थानिक दैनिकांतल्या बातम्या यांची दरवर्षीची एक फाइल करा. बिलावर संस्थेच्या नावासोबत केंद्राचं नाव छापलेलं असलंच पाहिजे. बिलं नुसत्या ट्रस्टच्या नावाने निघतात आणि दहा वर्षांचा व्यवसाय नावाच्या खात्यावर जमाच होत नाही.

कुणी नाव उचललं तर

आधी ध्वनिमुद्रण करा. ॲपवरचं प्रसारण असेल तर पडद्यासह. तारीख, वेळ, त्यांनी नाव घेतलेला क्षण नीट यायला हवा. कलम २९(९) रेडिओसाठीच लिहिल्यासारखं आहे. नोंदलेल्या चिन्हातले शब्द नुसते बोलून वापरले, तरी तो भंग ठरतो. समोरच्याने ‘आम्ही कुठे छापलंय?’ म्हटलं तरी सुटका नाही.

मग समोरचा कधीपासून वापरतोय ते काढा. तो तुमच्या आधीचा असेल तर नोटीस पाठवू नका, बोलणी करा. नंतरचा असेल तर वकिलामार्फत नोटीस द्या. पण नोंदणी नसताना ‘दावा लावू’ म्हणून धमकावलं, तर कलम १४२ खाली तोच तुमच्यावर दावा आणू शकतो. नोंदणी नसताना लौकिकाच्या आधारे लिहा, भाषा मोजकी ठेवा. डोमेन पळवलं असेल आणि ते डॉट इन असेल, तर कोर्टाऐवजी डॉट इन डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या निक्सीच्या लवादाकडे तक्रार करता येते.

नाव नोंदलेलं असेल तर भंगाचा दावा तुमच्या संस्थेच्या गावच्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत लावता येतो. कलम १३४ ती मुभा देतं, समोरचा पुण्या-मुंबईत असला तरी. तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर उशीर करू नका. महिनोन्‌महिने गप्प राहिलेल्याची घाई कोर्टाला पटत नाही. आणि सगळं माहीत असून सलग पाच वर्षं चालू दिलं, समोरच्याने नाव नोंदवलंही असेल, तर कलम ३३ प्रमाणे त्याला अडवण्याचा हक्कच जातो. अमृतधाराच्या खटल्यातही असंच झालं. नावं सारखी ठरली, पण मालकांनी बराच काळ चालू दिलं होतं म्हणून लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.